गिऱ्हाइकाची कपबशी

मापवाली आजही ही गोष्ट सांगायला बसली की आधी स्वतःच हसते. मग हसता हसता चिडते, कारण सगळ्याची सुरुवात तिनेच स्वतःच्या हाताने केलेल्या एका चहापासून झाली.

झालं असं, की पडद्यांच्या दुकानात एके दुपारी एक उंच बाई आली. कपडे साधे, केस नीट विंचरलेले, हातात छोटी पिशवी. पण मान अशी ताठ आणि चाल अशी निवांत, की मापवालीने मनातल्या मनात ठरवून टाकलं, हिच्या घराला डझनभर तरी खिडक्या असणार. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि शिवलेले पडदे टांगून यायचे हे मापवालीचं काम, आणि माणूस बघून त्याच्या खिडक्या ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही असा तिचा समज. तिने बाईला गादीच्या खुर्चीत बसवलं. मखमलीचा तागा काढला, जाळीचा काढला, अस्तरं दाखवली, "तुमच्यासारख्यांना हा रंग काय खुलेल हो" असंही बोलून घेतलं. बाई म्हणाली, "सुंदर आहे." एवढ्या दोन शब्दांवर मापवाली विरघळली, मागच्या खोलीत जाऊन चहा टाकला आणि निळ्या काठाच्या कपबशीतून आणून दिला.

आता या कपबशीचं सांगायला हवं. दुकानाची रीत अशी, की गिऱ्हाइकाला कपबशी आणि काम करणाऱ्या बायांना काचेचे ग्लास. कपबश्या एके काळी बऱ्याच होत्या, फुटत फुटत ही एक उरली होती. मापवालीने ती हजारदा धुतली असेल, पण तिच्यातून चहा प्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मनात यायचं. पण मनात येतं ते सगळं करता येतं का.

तर बाईने चहा संपवला, कप बशीत हळूच ठेवला आणि म्हणाली, "ताई, दारावर 'मदतनीस पाहिजे' लावलंय ना, त्यासाठी आले होते."

मशीनवर दोघी बसायच्या, शिलाईवाली आणि अस्तरवाली. दोघींनी अशा माना खाली घातल्या की दोघींच्या शिलाया वाकड्या गेल्या. मापवाली हातात चार मीटर मखमल धरून तशीच उभी.

मालकीणबाईंनी त्या बाईला कामावर घेतलं. दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली, आणि या बाईने सरळ जाऊन तीच कपबशी उचलली. तिला बिचारीला वाटलं असणार की हीच आपली. कोणी काही बोललं नाही. बोलायचं ते मापवालीने, आणि तिने बोलायचं तर आधी कालची मखमल आठवणार. म्हणून ती गप्प बसली. तिचा ग्लास त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चटका देत होता असं तिचं म्हणणं आहे.

बाहेरच्या कामाला नेहमी दोघींनी जायचं, असा मालकीणबाईंचा नियम. एक शिडीवर चढणार, एक खालून शिडी धरणार. मापवालीची जुनी जोडीदारीण लग्न करून गेली होती, तेव्हा ही नवी तिच्या गळ्यात पडली. शिडी धरायची तीही कशी, दोन्ही हातांनी, पाय रोवून, नजर वर. आणि मापवालीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला की म्हणायची, "सावकाश." चढताना सावकाश, उतरताना सावकाश, ड्रिल देताना सावकाश. चार दिवसांत तिचं नावच सावकाश पडलं.

"मी काय आजच शिडी बघतेय?" मापवाली वरून म्हणायची.

"नाही हो ताई. पण मी आजच धरतेय."

यावर काय बोलणार? मापवालीच्या तोंडात टाचण्या असायच्या हे एक बरं.

हळूहळू गिऱ्हाइकं फोनवर म्हणायला लागली, त्या शांत बाईंना पाठवा. मापवालीचं अंग असं पेटायचं की त्यावर इस्त्री तापवावी. अगं, खिडकी मोजली मी, भोकं पाडली मी, रॉड सरळ बसवला मी, आणि हवी कोण, तर खालून शिडी धरणारी. त्यात एक दिवस तिच्या सासूबाई उशीच्या कापडासाठी दुकानात आल्या, सावकाशशी चार वाक्यं बोलल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "काय गोड बाई आहे. किती हळू बोलते." सासूबाईंनी इतक्या वर्षांत मापवालीच्या बोलण्याबद्दल जे काही म्हटलं होतं त्यात 'हळू' हा शब्द फक्त विनंती म्हणून आला होता.

आणखी एक गंमत मापवालीच्या तेव्हा ध्यानात आली नाही. परक्यांच्या घरात शिडीवर उभं राहायचं म्हणजे काय असतं हे ज्या बाया ते काम करतात त्यांना विचारा. वर तुमचे दोन्ही हात अडकलेले, आणि खाली एखादा घरमालक "पडाल हो" म्हणत शिडी धरायला येतो. त्याचा हात शिडीवर किती आणि तुमच्या पोटरीवर किती याचा हिशोब तुम्हीच करायचा. मापवालीने त्यासाठी युक्त्या शिकून घेतल्या होत्या. जाड पँट घालायची, उगाच ड्रिल चालू करायचं, नवऱ्याला मोठ्याने फोन लावायचा. सावकाश आल्यापासून ते मदतीचे हात एकदम बंद झाले. मापवाली रात्री आरशासमोर उभी राहून म्हणाली, "वय झालं वाटतं आपलं." म्हणजे बघा, बाईला चक्क स्वतःच्या तरुणपणाचाही हेवा वाटून गेला. शिडीजवळ एक उंच बाई पाय रोवून उभी असते आणि कोणी जवळ आलं तरी हलत नाही, हे कारण तिच्या डोक्यात आलंच नाही.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत अस्तरवालीने विचारलं, "तू स्वतः कधी चढत नाहीस गं?"

"मी गोळ्या घेते," सावकाश म्हणाली. "डोक्याच्या आजाराच्या. त्यांनी कधी कधी गरगरतं, म्हणून डॉक्टर उंचावर चढू नको म्हणालेत. मुलगा झाला त्यानंतर मला घराच्या भिंती सरकताना दिसायच्या. बरेच दिवस मनोरुग्णांच्या दवाखान्यात होते. मालकीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलंय."

डब्यात काय आणलंय ते सांगावं अशा आवाजात सांगितलं. शिलाईवालीचा घास हातातच राहिला.

त्या दुपारपासून मोठी कात्री टेबलावरून उठून कुलपाच्या खणात गेली. अस्तरवाली सावकाशकडे पाठ करून बसायची ती आता तोंड करून बसायला लागली. आणि ती निळ्या काठाची कपबशी वेगळी ठेवायचं ठरलं. तिचा आजार लागतो म्हणून नाही हो, असं सगळ्या म्हणाल्या, आपलं उगाच. गिऱ्हाइकांसाठी मालकीणबाईंनी नवे कप आणले. निळी कपबशी खिडकीच्या कट्ट्यावर एकटी राहायला लागली, आणि तिला सावकाशशिवाय कोणी हात लावेना.

बाकीच्यांनी ती भीतीने वेगळी काढली. मापवालीला त्यातही मानच दिसला. "म्हणजे डोक्याने आजारी पडलं की कपबशी मिळते होय," ती नवऱ्याला म्हणाली. "हिला महिन्यातून अर्धा दिवस सुट्टी, दवाखान्यात जायला. माझी कंबर गेली तीन वर्षं ओरडतेय, तिला कोणी पाच मिनिटं तरी दिली का?"

"मग तू पण सांग ना मालकीणबाईंना," नवरा म्हणाला.

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका."

तिला सावकाशच्या मुलाचाही हेवा वाटला, आता बोला. तो पोरगा आपल्या बापाकडे राहायचा. त्या घरचे म्हणायचे, वेड्या बाईकडे पोर कसं सोडायचं, आधी एका जागी नोकरी टिकवून दाखव, मग बघू. सावकाश भावाकडे राहायची, आणि मुलगा सुट्टीत दुकानापाशी यायचा. आला की तिच्या कमरेला असा चिकटायचा की दोघांना एकच शर्ट पुरावा. मापवालीची दोन पोरं रोज घरातच असायची आणि आईकडे बघून एकच शब्द उच्चारायची, "भूक." ती त्या मायलेकांकडे बघायची आणि मोजपट्टी उगाच सर्रकन ओढून सोडून द्यायची.

सगळ्यात मोठा घाव बसला तो साहेबांच्या घराच्या कामाचा. चढावरचं टोकाचं घर, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले साहेब, एकटेच राहणारे, आणि वर-खाली सगळ्या खिडक्यांचे पडदे बदलायचे. असं काम दुकानात वर्षातून एखादं येतं. आणि नेमकं त्या दिवशी मापवाली सासूबाईंच्या डोळ्यांसाठी दवाखान्यात. कापडाचे नमुने दाखवायला शिडी लागत नाही, म्हणून मालकीणबाईंनी सावकाशला एकटीला पाठवलं.

मापवाली दुपारी परत आली तेव्हा सावकाश कटिंगच्या टेबलाशी उभी होती. नमुन्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला.

"बाई, त्या घरी मी परत जाणार नाही," ती मालकीणबाईंना सांगत होती. "कोणीच एकटीने जाऊ नये. त्यांनी वारा येतो म्हणून दार लावलं. मग कापड बघतो म्हणून माझा हात धरला, मग खांदा. मी सोडा म्हणाले तरी सोडेनात. मी ओरडले तेव्हा सोडलं."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आत जाऊन फोन लावला. बराच वेळ नुसतं हूं हूं ऐकू येत होतं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज मवाळ झाला होता.

"ते म्हणतात, तिने गोळी घ्यायला पाणी मागितलं, मी कसली गोळी विचारलं, तिने सांगितलं. मग एकदम ओरडायला लागली. ते म्हणतात, बिचारीला बरं नसेल, तुम्ही रागावू नका तिला."

"पाणी मागितलं हे खरं आहे," सावकाश म्हणाली. "गोळी कसली हेही सांगितलं. बाकीचं मी आत्ता सांगितलं ते खरं आहे."

"पण तू किती शांतपणे सांगतेयस गं," अस्तरवाली म्हणाली. "असं झालेलं माणूस असं बोलतं का?"

आता ती रडली असती तर याच बाया म्हणाल्या असत्या, बघा, झटका आला. रडली नाही तर म्हणाल्या, रचून सांगते. मग तिने करायचं तरी काय?

मापवाली खरं तर काहीच बोलली नसती तरी चाललं असतं. पण तिच्या पोटात ते चढावरचं घर खिडक्यांसकट बसलं होतं. "भास झाला असेल," ती म्हणाली. "भिंती नाही का सरकायच्या? मी जाते मापाला. इतका मोठा माणूस, त्याला काय कमी आहे."

सावकाशने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मापवालीला तो रागसुद्धा मिळाला नाही याचाच राग आला.

"अस्तरवालीला बरोबर घेऊन जा," मालकीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी टेम्पोत चढवताना सावकाश जवळ आली. "ताई, दार उघडं ठेवा. आणि शिडी दाराकडच्या बाजूने लावा."

"आता मला शिडी कुठे लावायची ते तू शिकव."

"सावकाश," ती म्हणाली.

मापवाली अस्तरवालीची वाट बघायला थांबली नाही. हे घर तिला सगळंच्या सगळं हवं होतं, मापं, पडदे, शाबासकी, सगळं. अस्तरवाली आली असती तर निम्मं श्रेय तिने खाल्लं असतं.

साहेबांनी हसून दार उघडलं. चहा विचारला. मापवालीने दाराशी चपला काढल्या, कारण शिडीवर ती अनवाणीच चढते. खालच्या खोल्या झाल्या. साहेब दुसऱ्या खोलीत वाचत बसले होते. मापवाली मनात म्हणाली, बघ बाई, कसा सज्जन माणूस. मग वरच्या झोपायच्या खोलीची खिडकी आली. ती शिडीच्या टोकाला पोचली, टाचण्या तोंडात, टेप पसरलेला, आणि मागे दार लागल्याचा आवाज आला.

"वारा फार येतो," साहेब म्हणाले. "थांब, मी धरतो शिडी. पडशील."

हात घोट्याला लागला. तिने पाय हलवला. हात तिथेच राहिला आणि मग वर सरकला. तिला ड्रिल आठवलं, ते खाली होतं. नवऱ्याला फोन आठवला, तो पिशवीत, पिशवी दाराशी. शिडी दारापासून सगळ्यात लांब, तिने स्वतःच लावलेली. आणि खाली बघितलं तर जिथे ती उंच बाई पाय रोवून उभी असायची तिथे हा माणूस उभा. वाढलेलं वय, बंद झालेले हात, सगळ्याचा अर्थ तिला तिथे वर, टाचण्या चावत, एकदम लागला.

तिने टेपचं बटण सोडलं. पोलादी पट्टी सपकन परत आली आणि साहेबांच्या बोटांवर बसली. तो कळवळला, तेवढ्यात तिने उडी मारली. कमरेत काहीतरी कडकन झालं. कडी काढली, पिशवी ओढली आणि चढ उतरून अनवाणी पळत सुटली. शिडी राहिली. चपला राहिल्या. टाचण्या मात्र चौकापर्यंत तोंडातच होत्या.

घरी सासूबाईंनी विचारलं, "चपला कुठे?"

"तुटल्या."

सासूबाईंनी पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि गरम पाण्याची बादली आणून ठेवली. नवऱ्याला तिने कंबर लचकली एवढंच सांगितलं. आणि पाय शेकताना तिच्या मनात काय यावं? हिचं डोकंच असं. तिच्या मनात आलं, इथेसुद्धा ती माझ्या आधी जाऊन आली. आणि तिने तर सांगितलंही. मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत दुकानात आली. सावकाशने तिला बघितलं. मागच्या खोलीत गेली, चहा घेऊन आली आणि मापवालीच्या पुढ्यात ठेवला. निळ्या काठाच्या कपबशीत. मापवालीने इतकी वर्षं मनात धरलेला तो कप ओठाला लावला, आणि तिला त्याची चवच लागेना.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "साहेबांचा फोन होता. शिडी विसरलीस म्हणे. कोणाला तरी पाठवा म्हणाले, एकटी आली तरी चालेल." मग त्या सावकाशकडे वळल्या, आणि त्यांना ते जड जात होतं हे दिसत होतं. "हे बघ, मी रात्रभर विचार केला. दुकानाचं नाव आहे. उद्या आणखी कोणाच्या घरी तू ओरडलीस तर. या महिनाअखेरीपर्यंत थांब, मग तुझं तू दुसरीकडे बघ."

सावकाशने मान हलवली. एवढंच विचारलं, "मुलाच्या बापाकडच्यांनी विचारलं तर सांगाल का, की मी स्वतःहून सोडलं?"

आता बघा, मापवालीला जे हवं होतं ते सगळं कोणी तरी ताटात वाढून पुढे ठेवलं होतं. गिऱ्हाइकं तिची, चढावरचं घर तिचं, कपबशीसुद्धा तिच्या हातात. करायचं काहीच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तिला कधी जमलं नाही एवढं सोडलं तर.

"तू सांग गं," मालकीणबाई तिला म्हणाल्या. "तू तर काल तिथेच होतीस. साहेब बरा माणूस आहे ना?"

मापवालीने कप बशीत ठेवला. तो खणकला.

"तिला झाला तो भास असेल," ती म्हणाली, "तर मलाही झाला. त्याच घरात. त्याच हाताचा. मी शिडीवर होते आणि त्याने दार लावलं."

मशीनं थांबली.

"शिडी मी विसरले नाही. टाकून पळाले. कंबर अशी लचकली." मग तिचा आवाज चढला, कारण रडू आलं की तिचा आवाज चढतो. "आणि मी शांतपणे सांगत नाहीये, तर आता तुम्ही म्हणा की मला झटका आलाय. कात्री लपवा. जा."

अस्तरवालीने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "मी आले असते गं काल. थांबायचं ना."

"तुला श्रेय द्यायचं नव्हतं मला," मापवाली म्हणाली. इतकं खरं ती त्या दिवशी एकाच वेळी बोलून गेली की पुढचे काही दिवस तिला दमल्यासारखं होत होतं.

मालकीणबाई सावकाशच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी फोन कशाला केला त्याला. तुला विचारलं होतं, तेवढं पुरे होतं." मग दुकान शिलाईवालीवर सोपवून तिघी निघाल्या, मालकीणबाई, मापवाली आणि सावकाश.

साहेबांनी दार उघडलं तर दारात तिघी. हसू अर्ध्यावर राहिलं. बोटांना पट्टी होती. त्याने आतून एक पिशवी आणून दिली, मापवालीच्या चपला, धुऊन पुसून ठेवलेल्या. त्या स्वच्छ चपला बघून मापवालीला काल वाटली नव्हती इतकी किळस वाटली. त्या तिने पुन्हा कधी घातल्या नाहीत. सावकाश दार पाठीने अडवून उभी राहिली, मालकीणबाई वर जाऊन शिडी घेऊन आल्या, आणि जाताना म्हणाल्या, "पडदे मिळणार नाहीत."

त्यांना सोडून टेम्पो परत गेला होता. म्हणून तिघी शिडी खांद्यावर घेऊन तशाच पोलीस ठाण्यात शिरल्या. शिडी आधी शिरली, बाया नंतर. टेबलामागच्या माणसाने वर बघितलं.

"इथे काही दुरुस्ती नाहीये."

"तक्रार आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"शिडी बाहेर ठेवा."

"ती पण त्या खोलीत होती," मापवाली म्हणाली. "राहू दे."

त्याने लिहून घेतलं. लिहिता लिहिता सावकाशला कामाचं, घरचं विचारलं, आणि गोळ्यांचा उल्लेख आला तसं पेन थांबलं. "म्हणजे डोक्याचं औषध चालू आहे. मग अवघड आहे हो. उद्या तो वकील देईल, तो हेच विचारणार."

सावकाश म्हणाली, "विचारू दे. गोळ्या चालू आहेत म्हणूनच मला भिंती आता जागेवर दिसतात."

"आणि माझंही लिहा," मापवाली टेबलावर वाकून म्हणाली, "मी कमरेच्या गोळ्या घेते. रोज रात्री एक. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. माझ्या सासूबाई डोळ्यांत थेंब घालतात, त्यांनी काही बघितलं तर तेही खोटं. गोळी न घेणारी बाई सापडली की तिची तक्रार घ्या."

त्या माणसाने तिच्याकडे बघितलं, शिडीकडे बघितलं आणि पेन पुन्हा चालवलं.

ते प्रकरण अजून चालू आहे, तारखा पडतात, दोघी जातात. साहेब अजून त्याच घरात राहतो. पण मालकीणबाईंनी बाजारातल्या प्रत्येक पडदेवाल्याच्या दुकानात जाऊन, चहा पिऊन, सगळं सांगितलं. आता त्या घरी जायला कोणी बाई तयार नाही आणि पुरुष पाठवला तर साहेबाला नको. चढावरून जाताना बघा, वरच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसतात. आणि नमुने दाखवायलासुद्धा एकटीने जायचं नाही असा दुकानात आता नियम आहे.

मोठी कात्री टेबलावर परत आली. सावकाशचा मुलगा आता आठवड्याचे दोन दिवस आईकडे असतो. आला की मापवालीकडे बघून म्हणतो, "मावशी, भूक." तेव्हापासून तिचा त्याच्याबद्दलचा हेवा बराच कमी झाला.

कपबशीचा मात्र नाही. परवाचीच गोष्ट. चहा आला, आणि मापवालीने निळा कप आधीच स्वतःकडे ओढून ठेवला.

"आता कशाला हवी वेगळी कपबशी?" ती म्हणाली. "आता तू आमच्यासारखीच. आमच्यासारखी म्हणजे ग्लास. आणि ही पाळीने सगळ्यांना."

"बरं," सावकाश म्हणाली. "मग तुझी उशीही पाळीने."

मापवालीच्या स्टुलावर कमरेसाठी एक जाड उशी असते. तिला कोणी बोट लावलेलं तिला खपत नाही. अस्तरवाली एकदा चुकून बसली होती, तिची गोष्ट अजून निघते.

"उशीचं वेगळं. ती माझ्या आजाराची आहे."

"मग हीही माझ्या आजाराची आहे."

"ही गिऱ्हाइकाची आहे. दुकानाची रीत माहीत आहे ना तुला?"

"मग ती मला कोणी दिली?"

मापवालीने शिलाईवालीकडे बघितलं. शिलाईवाली मशीनकडे बघायला लागली.

"मी दिली. पण तेव्हा मला वाटलं तू गिऱ्हाईक आहेस."

"तुला काय वाटलं ते तुझं तू बघ. मी मागितली नव्हती. मखमलही मागितली नव्हती."

"मखमल काढू नकोस."

"'तुमच्यासारख्यांना हा रंग काय खुलेल हो.'"

मालकीणबाई आतल्या खोलीत खोकल्या. अस्तरवालीने तोंडात रुमाल कोंबला.

मापवालीने कप उचलला, बशीत ठेवला, बशी सावकाशच्या पुढे सरकवली आणि स्वतःचा ग्लास घेतला. ग्लास चांगलाच तापला होता.

"सावकाश," सावकाश म्हणाली.